भरावावरचं वाळवंट

सगळ्या पनवेलमध्ये वाळवंट फक्त आमच्या घरात होतं. भिंतभर कापडावर रंगवलेलं. ज्या पेंटरकडून अब्बांनी तो पडदा करून घेतला त्याने उंट जन्मात पाहिलेला नव्हता. त्याने डोळ्यांसमोर बैल आणला, पाठीवर गाठोडं ठेवलं आणि झाला उंट. खजूर पण पाहिलेला नसावा, कारण पडद्यावरच्या झाडाला चक्क नारळ लागले होते. शपथेवर सांगते, मोजून बघायची इच्छा व्हावी इतके! पण आमच्या स्टुडिओत हा पडदा लग्नाच्या जोड्यांपेक्षा जास्त चालायचा. त्या काळात आमच्या मोहल्ल्यातून, उरणमधून, आसपासच्या गावांतून जो उठेल तो गल्फला निघायचा, आणि निघण्याआधी नव्या शर्टात त्या बैल-उंटाशेजारी उभा राहून फोटो काढून घ्यायचा. पोरगा विमानात बसायच्या आत वाळवंटातला फोटो आईच्या हातात!

या पडद्यापायी अब्बांना सावल्यांचं वेड लागलं. पेंटरने उंटाची सावली डावीकडे पाडून ठेवलेली, त्यामुळे गिऱ्हाइकाची सावलीही डावीकडेच पडायला हवी. दिवा जरा चुकला की माणसाची सावली उजवीकडे, उंटाची डावीकडे. अब्बा ओरडायचे, "एका फोटोत दोन सूर्य? कयामत आली काय रे?" अब्बांचा आवाज असा की ते ओरडले की कर्नाळ्याच्या सुळक्यावरची मधमाशी पोळं सोडून जायची. गिऱ्हाईक तर नुसतं हलायचंच. आणि हललेला फोटो अब्बा दुकानाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. फाडायचे आणि परत काढायचे. मामलेदाराचा साडू असो की मशिदीचे मौलवी, हलला की फाडला.

आमचं घर स्टुडिओच्या मागेच. पुढे फोटो धुवायच्या हायपोचा वास, मागे अम्मीच्या सुकटीचा, आणि मधल्या दारात दोन्ही वासांची मारामारी. अम्मी तांदळाच्या भाकऱ्या थापायची तो थप थप आवाज डार्करूममध्ये ऐकू यायचा. माझा भाई नजीर त्यावर वेळ धरायचा. घड्याळ बघायला अंधारात दिसत नाही, म्हणून तीन भाकऱ्या झाल्या की फोटो डेव्हलपरमधून काढायचा. एकदा अम्मीचं पीठ संपलं आणि आमदाराच्या कोणा नातेवाइकाचा फोटो काळाठिक्कर निघाला. ही गोष्ट अब्बांना कधी कळली नाही, आता कळून उपयोग नाही.

अब्बांनी स्वतः वाळवंट पाहिलेलं नव्हतं. पण न पाहिलेल्या गोष्टीबद्दल माणूस किती ठासून बोलू शकतो हे मी त्यांच्याकडून शिकले, आणि तेवढ्यावर माझं आयुष्य चाललंय. कामोठे आणि रोडपालीच्या मधे तेव्हा भराव चालू होता. ज्या खाडीकाठच्या खाजणात निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, उड्या मारायच्या, भात पिकायचं, त्यात डंपर येऊन मुरूम ओतत होते. निवट्यांचं कालवण हा भाईचा जीव की प्राण, म्हणून तो त्या डंपरांना तोंडभर शिव्या द्यायचा. पण पाऊस सरून तो मुरूम वाळला की नजर पोचेल तिथपर्यंत लालसर, उघडं, मेलेलं रान. एक झाड नाही, एक कुत्रं नाही. अब्बा म्हणाले, "हे आपलं वाळवंट. चला." दर जुम्म्याला नमाजनंतर दुकान बंद असायचं. तेव्हा ऊन उतरलं की अब्बा, भाई आणि मी सायकली घेऊन भरावावर. आजूबाजूचे लोक म्हणायचे, स्टुडिओवाला पोरांना घेऊन मातीचे फोटो काढायला जातो, डोक्यावर परिणाम झालाय. मुलीलाही नेतो, म्हणजे जास्तच झालाय.

कॅमेरा एकच, दोन डोळ्यांचा. गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा आणि वरून मान घालून काचेत बघायचं. त्या काचेत डावं उजवं उलटं दिसतं. भाई काचेत बघत म्हणायचा, "अब्बा, तो विजेचा खांब मधे येतोय."

"मग तू खाली बस. खांबाला सांगू काय, जरा सरकून घे बाबा म्हणून?"

भाई खाली बसायचा. मुरुमाचा एक ढिगारा खांबाच्या पुढे यायचा, खांब गायब.

"आता बघ. वाळवंटात काय असतं? काही नसतं. काही नसलेल्या जागेचा फोटो काढायचा तर सावलीचाच काढायचा. सकाळची सावली लांब. जमिनीची एकेक सुरकुती दाखवते. दुपारची सावली म्हणजे डांबर. तिच्यात पडलेलं काही दिसत नाही, फोटोत नुसतं भोक पडतं. दुपारी कॅमेरा काढशील तर हात तोडीन. आणि ही आभाळाची रेघ, ती मधोमध नको. भाकरीसारखे दोन तुकडे करतोस काय फोटोचे? एकतर जमीन जास्त दे, नाहीतर आभाळ."

पण सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे काढणाऱ्याची स्वतःची सावली फोटोत येणं. सूर्य पाठीशी असला की ती पुढे पडतेच. लग्नाच्या ग्रुपफोटोत तर फोटोग्राफरच्या मागे निम्मा मोहल्ला उभा असतो, सगळ्यांच्या सावल्या पुढे, वर काचेत सगळं उलटं, त्यातली आपली कुठली? यावर अब्बांची युक्ती होती. एका हाताने कॅमेरा धरायचा, दुसरा हात उचलून सपाट डोक्यावर ठेवायचा. काचेत जी सावली डोक्यावर हात ठेवेल ती आपली. मग ती बाहेर जाईपर्यंत सरकायचं, आणि नंतरच बटण दाबायचं. ही युक्ती जगात दुसऱ्या कोणी वापरलेली मी पाहिली नाही. लग्नात लोक हसायचे. "स्टुडिओवाले फोटो काढतात की सलाम ठोकतात?" पण आम्हा तिघांना अशी सवय लागली की उन्हात कॅमेरा हातात आला की दुसरा हात आपोआप डोक्यावर.

मग भाई कुवेतला गेला. एका बांधकाम कंपनीत कामाचे फोटो काढायचे, पाइप कुठवर आले, रस्ता कुठवर आला. पडद्यासमोर उभं राहायला मात्र त्याने नकार दिला. म्हणाला, "अब्बा, मी खरा उंट बघायला चाललोय, ह्याच्याशी कशाला गद्दारी करू?" अब्बांनी दोन डोळ्यांचा कॅमेरा त्याच्या गळ्यात घातला. दुकानात दुसरा चांगला कॅमेरा नव्हता, पण ते म्हणाले, मला कंटाळा आलाय त्याचा. भाईचे फोटो यायला लागले आणि आमचं दुकान बंद पडायची वेळ आली, कारण अब्बा गिऱ्हाईक सोडून येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच दाखवायचे. पहाटेची वाळू, प्रत्येक लाटेला तिची सावली, आभाळाची रेघ वरच्या काठाला. "एक पावलाचा ठसा आहे का बघा. कुठे उभा राहिला असेल पोरगा? हवेत?"

आणि मग तिकडे लढाई पेटली.

इथवर मी हसत सांगत आले. आता थोडा वेळ जमणार नाही.

पहिले काही आठवडे आम्ही रेडिओपाशी बसून काढले. मग लोक परतायला लागले. अंगावरच्या कपड्यानिशी, वाळवंटातून, कॅम्पांतून, मिळेल त्या वाहनाने. आमच्याच मोहल्ल्यात ज्याच्या घरी माणूस पोचायचा तिथून बायकांच्या रडण्याचा आवाज यायचा, आणि अम्मी हातातलं काम टाकून धावायची. त्यांच्या आनंदात सामील व्हायला नव्हे, त्या माणसाला विचारायला. "माझा नजीर? गळ्यात कॅमेरा असतो त्याच्या. उंच आहे." कोणी पाहिलेलं नसायचं. घरी येऊन ती त्याच्या वाटणीच्या भाकऱ्या थापायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाळक्या भाकऱ्या ती स्वतः खायची, आम्हाला देत नसे. अब्बांनी पडदा गुंडाळून माळ्यावर टाकला. ओरडणं बंद झालं. गिऱ्हाईक हललं तरी ते गप्प, फक्त दुसरा फोटो काढायचे. मला त्या शांततेची जी भीती वाटायची तशी पुढे कशाचीच वाटली नाही. मी दिवसातून दहादा अल्लाहशी सौदे करत होते. माझं लग्न नको, माझे डोळे घे, भाईला पाठव. अल्लाह गिऱ्हाइकांशी बोलत नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात एक माणूस दुकानात आला. काळा, वाळलेला, पायात दोन वेगवेगळ्या चपला. उरणकडचा दामा.

"पनवेलचा फोटूवाला तुमीच काय?"

अब्बांनी मान हलवली.

दामाने खिशातून एक मोजा काढला, मोज्यातून फिल्मचा रोल. "मना जॉर्डनच्या कॅम्पान एका केरळवाल्यानं दिला. त्याला लॉरीवर कुनीतरी दिलता. पनवेलला फोटूच्या दुकानान पोचव, येवरंच बोलला. आमी तीन दिवस झालं आलो, पन उठाया व्हत नव्हता."

"कोणी दिला? कसा होता माणूस?" अम्मी मधल्या दारातून थेट दुकानात आली होती, डोक्यावरून ओढणी घसरलेली.

"मी बघला नाय वो माय. खोटा कशाला बोलू? केरळवाल्यानं पन नावगाव इचारला नाय. लॉरी भरलेली, खालून कुनीतरी हात वर केला, यानं घेतला." मग आमच्या तोंडांकडे बघून तो म्हणाला, "चिट्ठी नाय त्यात. आमी बघली."

अम्मीने त्याला बसवून जेवायला वाढलं. तो जेवत असताना अब्बा डार्करूममध्ये शिरले, मी मागोमाग. भाकऱ्यांचा आवाज नव्हता, म्हणून मी मनात मोजत होते आणि आकडे चुकत होते. अब्बांनी ओली फिल्म उचलून उजेडात धरली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, कारण निगेटिव्ह वाचायला त्यांना प्रिंट लागत नसे.

"हे नजीरचे नाहीत."

"अब्बा..."

"भर दुपारचे आहेत. सगळे. आभाळाची रेघ मधोमध. आणि हे बघ." शेवटच्या फोटोत खाली एक पांढरा डाग होता. निगेटिव्हमध्ये सावली पांढरी येते. "काढणाऱ्याची सावली. आत. माझा पोरगा मरेल पण असा फोटो काढणार नाही."

हे वाक्य बोलून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं. त्यांनी फिल्म दोरीला चिमट्याने लावली आणि बाहेर येऊन अम्मीला सांगितलं, कॅमेरा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात आहे. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात का आहे, हे त्यांना सांगावं लागलं नाही. दामाने अर्ध्यावर हात धुतला. त्या दिवशी आमच्या घरात दिवा लावायचं कोणाला सुचलं नाही.

सकाळी अम्मीने विचारलं, "नजीरच्या नावाने फातिहा पढायचा का?" आणि अब्बा किती दिवसांनी ओरडले. भांडी हलली. मग दुकानाला कुलूप लावून सायकल घेऊन निघून गेले. मला घरात बसवेना. डार्करूमच्या खिडकीवर घोंगडी टाकून मी तो शेवटचा फोटो मोठा केला. का, ते सांगता येत नाही. कोणाच्या हातात आहे आमचा कॅमेरा, त्याची निदान सावली तरी बघावी. तो कागदावर हळूहळू उमटत गेला. उघडी वाळू, तिला एकही सुरकुती नाही, भाजून सपाट झालेली. मधोमध आभाळाची रेघ. आणि खाली डांबरासारखी एक सावली, एक हात डोक्याला.

अम्मी मागे येऊन उभी होती. "डोक्याला हात लावून उभा आहे गं कोणीतरी," ती म्हणाली. "ज्याने माझ्या पोराला पुरलं असेल, तो असेल." आणि तिथेच मोरीच्या कठड्यावर बसली. मलाही दुसरं काही दिसलं नाही. दुःखात माणूस डोक्याला हात लावतो, ह्यात काय विशेष? इतकी वर्षं ती युक्ती वापरलेली, इतक्या लग्नांत लोकांनी हसून घेतलेलं, आणि ती आम्हाला दिसली नाही. दुःखाने डोळ्यांचं काय होतं यावर डॉक्टरांनी कधी काही लिहिलं असेल तर मला आणून द्या.

अब्बा कुठे गेले असतील ते मला ठाऊक होतं. ओला प्रिंट वर्तमानपत्रात गुंडाळला आणि मी सायकल मारत भरावावर पोचले. तेव्हा डोक्यावर असं ऊन होतं की सायकलची घंटी हाताला चटका देत होती. दूर एकटे अब्बा, त्या लाल रानात एखाद्या खिळ्यासारखे. जिथे त्यांनी कधी दुपारी कॅमेरा काढू दिला नाही तिथे भर दुपारी. मी जाऊन प्रिंट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो हात लांब करून धरला. उन्हाने काही दिसेना, म्हणून सूर्याकडे पाठ केली. बराच वेळ बघितलं. मग त्यांचा दुसरा हात उचलला गेला आणि डोक्यावर पडला. अगदी हरलेल्या माणसाचा पडतो तसा.

मी खाली बघत होते. त्यांच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती म्हणून खाली, मुरुमाकडे. तिथे त्यांची सावली होती. एक हात पुढे, काहीतरी धरलेला. दुसरा डोक्यावर. आणि तीच सावली त्यांच्या हातातल्या कागदावर. तेच कोपर, तसंच बाहेर.

"अब्बा, हात काढू नका."

"काय?"

"हात काढू नका! खाली बघा. खाली बघा ना!"

त्यांनी खाली बघितलं. कागदाकडे बघितलं. परत खाली. एका हाताने कॅमेरा पोटाशी धरलाय आणि दुसरा हात डोक्यावर ठेवून कोणी फोटो काढत असेल, तर जगाच्या पाठीवर असे मूर्ख तीनच. त्यातले दोन आत्ता भरावावर उभे होते.

"पण नंतर सरकायचं असतं," अब्बा पुटपुटले. "हात ठेवायचा, सावली शोधायची, मग सरकायचं. त्याला माहीत आहे. मी किती वेळा..." आणि थांबले. "तो मुद्दाम सरकला नाही."

मग ते खाली बसले. मुरुमात, पांढऱ्या लेंग्यासकट. मी आयुष्यात पुष्कळ रडणारी माणसं ऐकलीत, पण अब्बांचं रडणं त्यांच्या ओरडण्यापेक्षा मोठं निघालं. रोडपालीच्या बाजूला एक डंपर मुरूम ओतता ओतता थांबला, ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागला. ह्यातलं एक अक्षरही मी वाढवून सांगत नाहीये.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही तिघं तिथे गेलो. अम्मी पहिल्यांदाच भरावावर आली, निवट्या कुठे गेल्या म्हणून डंपरवाल्यांना शिव्या देत. शेजारच्या दुकानातून अब्बांनी तसलाच कॅमेरा मागून आणला होता. सूर्य पाठीशी घेऊन तिघं ओळीत उभे राहिलो, अम्मी मधे. तिला समजावलं, हात डोक्यावर. "एवढंच?" ती म्हणाली, आणि हात ठेवल्याबरोबर तिचं सगळं अंग हुंदक्यांनी हलायला लागलं. अब्बांनी आभाळाची रेघ मधोमध घेतली. स्वतःच्या हाताने. आणि बटण दाबलं. हे उत्तर पाठवायला आमच्याकडे पत्ता नव्हता. अब्बांनी तो फोटो मोठा करून पडद्याच्या रिकाम्या भिंतीवर लावला. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय, तीन सावल्या डोकं धरून? अब्बा म्हणायचे, "सरळ बसा. हलू नका."

भाई आला तेव्हा थंडी सुरू झाली होती. इतका बारीक की दारातून आधी शर्ट आत आला आणि मागून तो. अम्मीचं काय झालं ते मी लिहीत नाही, ते तिचं आहे. जरा जेवून झाल्यावर अब्बांनी विचारलंच. "दुपारी का काढलेस?"

"दुपारीच पहाऱ्यावरचे सैनिक सावलीत जाऊन झोपायचे, अब्बा. तेवढंच बाहेर पडता यायचं. साहेब सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन पळालेला, पासपोर्टशिवाय मला लॉरीत घेईनात. वाटेत सैनिकांना चिट्ठी सापडली तर अख्खी लॉरी उतरवायचे. फोटोत तोंड दिसलं तरी तेच. वाळूचे फोटो कोण अडवतो?"

"आणि रेघ मधोमध?"

"एक हात डोक्यावर, दुसरा कॅमेऱ्याला, मान मागे वळलेली, कोणी येतंय का बघायला. रेघ कुठे गेली ते मी बघितलंच नाही. बाकीचे फोटो तुम्हाला कळावं म्हणून मुद्दाम घाण काढले. तुम्ही चिडाल आणि नीट बघाल असं वाटलं."

नीट बघायला आम्हाला एक पूर्ण दिवस आणि एक सायकल लागली, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

आता त्या भरावावर कामोठ्याच्या इमारती आहेत. आम्ही तिघं जिथे उभे होतो तिथे कसलेसे क्लासेस आहेत आणि खाली रिक्षांची रांग लागते. दुपारी तिथून जाताना माझा हात अजून डोक्याकडे जातो. नातवंडं म्हणतात, दादीला ऊन लागलं.

पण त्या दिवशीचं राहिलं. भाई उठून दुकानात गेला आणि भिंतीवरच्या त्या फोटोसमोर उभा राहिला. फार वेळ. ह्या सावलीवरून त्या सावलीवर त्याची नजर जात होती. मग त्याने नाक फोटोला लावलं. सवय कुठे जाते?

"अब्बा, मधली हललीय."

अब्बा गिऱ्हाइकाच्या पासपोर्ट फोटोच्या कडा कापत होते. मान वर न करता म्हणाले, "वारा होता त्या दिवशी."

वाऱ्याने सावली हलते, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. एरवी मी असलं काही सोडलं नसतं. मी आत गेले आणि अम्मीला भाकऱ्या थापू लागले.